प्रहेलिका, शब्दकोडे आणि टीका

वाशिष्ठी नदी चिपळूण परिसरातून वाहत येऊन दाभोळपाशी समुद्राला मिळते. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे (१८८०–१९७२) यांचा जन्म चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामचा. शालेय शिक्षण, दाभोळ ज्या तालुक्यात मोडते त्या दापोलीत झालेले. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’ची त्यांची आवृत्ती (१९१०) पहिल्या, दुसऱ्या व दहाव्या परिच्छेदांवरील टिपांमुळे अभ्यासकांच्या पिढ्यांना परिचित झाली, तिची प्रस्तावना विस्तारत जाऊन पुढे काव्यशास्त्राचा स्वतंत्र इतिहास ठरली. त्याच दहाव्या परिच्छेदात विश्वनाथ प्रहेलिकेला अलंकारांच्या पंक्तीतून उठवतो. ती रसाच्या आड येते, ती केवळ उक्तिवैचित्र्य, असा त्याचा निर्णय. मात्र निर्णय देता देता तो तिचे प्रकारही नोंदवतो : च्युताक्षर, दत्ताक्षर, च्युतदत्ताक्षर. अक्षर गाळणे, अक्षर घालणे, एक गाळून दुसरे घालणे. इंग्रजी दैनिकांतील गूढ शब्दकोडे सोडवणाऱ्यास ही यादी ओळखीची वाटावी.

या शब्दकोड्याचा इतिहास अलीकडचा आहे. आर्थर विन याचे पहिले कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापले गेले. त्यातील सूचना सरळ अर्थाच्या होत्या. सूचनेला गूढतेचे वळण इंग्लंडमध्ये मिळाले. एडवर्ड पॉइस मॅदर्स याने १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये ‘तोर्केमादा’ या नावाने कोडी रचली. त्याचा वारसदार मॅकनट याने ‘झिमेनेस’ हे नाव घेतले. दोन्ही नावे स्पेनमधील धर्मन्यायपीठाच्या अधिकाऱ्यांची. रचनाकार हा छळ करणारा, ही कल्पना त्यांत उघड आहे. तथापि मॅकनटने १९६६ च्या ग्रंथात छळालाही नियम घालून दिले. सूचनेचा एक भाग उत्तराचा अर्थ सांगेल, दुसरा त्याची अक्षररचना सांगेल, आणि याखेरीज सूचनेत काहीही नसेल. दोन स्वतंत्र वाटांनी एकाच शब्दापाशी पोहोचल्यामुळे उत्तर सिद्ध होते. भारतात ‘द हिंदू’ने १९७१ मध्ये आपले शब्दकोडे सुरू केले.

संस्कृत परंपरेत या क्रीडेची नोंद किती बारकाव्याने झाली आहे, हे येथे पाहण्यासारखे आहे. दंडी ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगतो. बाणाच्या ‘कादंबरी’तील शूद्रक राजा अक्षरच्युतक, मात्राच्युतक, बिंदुमती यांत वेळ घालवतो. बिंदुमतीत व्यंजनांच्या जागी बिंदू देऊन स्वरचिन्हे तेवढी ठेवलेली असतात आणि त्यांवरून श्लोक पुरा करायचा असतो. रिकाम्या चौकटी भरण्याचाच हा पूर्वावतार. रुद्रट मात्राच्युतक व बिंदुच्युतक यांना केवळ क्रीडेपुरते उपयोगी ठरवतो.

अशी परंपरा पाठीशी असता मराठी दैनिकांतील शब्दकोडे प्रामुख्याने पर्यायी शब्द विचारणारेच का राहिले? एक कारण लिपीत आहे. रोमन लिपीत ‘दाभोळ’ सहा चौकटी व्यापते, देवनागरीत तीन : दा, भो, ळ. शब्द उलटा वाचण्याची युक्ती येथे आरंभीच अडते, कारण मराठीत ‘ळ’ने शब्द सुरू होत नाही. ‘नदी’वर अनुस्वार दिला की ‘नंदी’ होतो, ‘नगर’ला काना दिला की ‘नागर’. अर्थ पालटतो, पण चौकटींची संख्या तीच राहते. बदल चौकटीच्या पोटात घडतो. परंतु हे कारण अपुरे आहे. मात्रा आणि बिंदू यांचे स्वतंत्र प्रकार प्राचीनांनी कल्पिले ते याच लिपिस्वभावाला अनुसरून. शिवाय अक्षर गाळण्यास मराठीत आडकाठी नाही : ‘आरंभ ओसरला की वादळाचे सैन्य होते’ या सूचनेतून ‘दळ’ निःशंक निघतो.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. अर्थ विचारणाऱ्या कोड्याला दुसऱ्या दिवशी उत्तरांची चौकट छापली की पुरते. गूढ सूचनेचे उत्तर मात्र स्पष्टीकरणावाचून अर्धेच असते; शब्द कोणत्या वाटेने आला हे कळले नाही तर तो पटत नाही. हे स्पष्टीकरण म्हणजे मूळ अर्थाने टीका. मराठीत ‘टीका’ हा शब्द विवरणाकडून दोषदर्शनाकडे सरकला. ‘उखाणा’ शब्दाचीही अशीच वाटचाल दिसते : मूळ अर्थ कोडे, आज रूढ अर्थ नाव घेण्याचे पद्य. कोडे आणि त्याचा उलगडा करणारी वाचनपद्धती, दोन्ही व्यवहारातून एकत्रच मागे पडल्या.

टीकेच्या या गरजेवरून वाद जुनाच आहे. आपले काव्य व्याख्येने कळणारे व सुज्ञांना उत्सव ठरणारे आहे, असे भट्टी अभिमानाने सांगतो. काव्यही शास्त्रासारखे व्याख्येवाचून कळत नसेल तर मंदबुद्धींचा घातच झाला, असे भामह सुनावतो. विश्वनाथाचा निर्णय भामहाच्या बाजूचा. त्यात तथ्य आहे : ध्वनी उमगल्यावर काव्य पुन्हा वाचावेसे वाटते, कोडे सुटल्यावर संपते. परंतु उत्तम सूचना सुटल्यानंतरही सोडवणारा तिच्याकडे परत वळतो, आपण कोठे चकलो ते पाहण्यासाठी. त्या परतीच्या वाचनात वाक्याचा फसवा अर्थ आणि खरा अर्थ एकाच वेळी दिसतात. रसाचा येथे संबंध नाही हे मान्य करूनही, शब्दाकडे इतक्या सावधपणे पाहण्याची ही सवय समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवणे कठीण आहे.