तळटीप : ग्लोरिया ग्रॅहॅम

* ग्लोरिया ग्रॅहॅम (१९२३–१९८१) : मूळ आडनाव हॉलवर्ड. जन्म लॉस एंजेलिसचा. अभिनयाचे पहिले धडे रंगभूमीवर काम केलेल्या आईकडून. १९४४ मध्ये एमजीएमने तिला करारबद्ध केले. पण हिचे करायचे काय, हे काही त्या स्टुडिओला उमगले नाही. १९४७ मध्ये तो करार आरकेओकडे गेला आणि त्याच वर्षीच्या ‘क्रॉसफायर’ने तिला ऑस्करचे नामांकन मिळवून दिले. प्रत्यक्ष ऑस्कर ‘द बॅड अँड द ब्यूटिफुल’साठी (१९५२). त्यात ती पडद्यावर जेमतेम नऊ-दहा मिनिटे दिसते.

लेखकाने सांगितलेला उकळत्या कॉफीचा प्रसंग फ्रिट्झ लांगच्या ‘द बिग हीट’मधला (१९५३). ली मार्विनचा गुंड तिच्या तोंडावर कॉफी फेकतो तेव्हा कॅमेरा तिच्यावर नसतो, केवळ किंकाळी ऐकू येते. पुढे अर्धा चेहरा पट्टीत असतानाही ती सूड आणि थट्टा एकाच आवाजात पेलते. तिचे सर्वोत्तम काम मात्र, आमच्या मते, ‘इन अ लोन्ली प्लेस’मधले (१९५०) : हम्फ्री बोगार्टवरचे प्रेम हळूहळू भीतीत बदलत जाते, आणि हे ती जवळजवळ नुसत्या डोळ्यांनी सांगते. दिग्दर्शक निकोलस रे तेव्हा तिचा पती होता. चित्रीकरणाच्या काळातच संसार मोडत होता. १९६० मध्ये तिने रेच्या पहिल्या पत्नीपासूनच्या मुलाशी, अँथनीशी, लग्न केले. चरित्रकारांनी अभिनयापेक्षा याच गोष्टीवर अधिक शाई खर्च केली आहे. उत्तरायुष्यात ती नाटकांकडे वळली. १९८१ मध्ये इंग्लंडमध्ये नाटकाच्या तयारीत असतानाच कर्करोग बळावला. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला न्यू यॉर्कमध्ये निधन. — संपा.