साष्टीतील एक कौलारू घर

विलेपार्ल्याच्या पूर्वेकडील जुन्या गल्ल्यांतून हिंडताना, उंच इमारतींच्या मधोमध, काळ्या दगडाच्या जोत्यावर उभे असलेले, पुढे लाकडी कठड्याचा व्हरांडा आणि वर मंगलोरी कौलांचे उतरते छप्पर असलेले एखादे घर अजूनही दृष्टीस पडते. अंगणात फणस, मागे बांधीव विहीर, फाटकाच्या खांबावर संगमरवरात कोरलेले नाव. बृहन्मुंबईसाठी १९९५ साली वारसा-नियमावली झाली आणि वास्तूंची तीन श्रेणींत प्रतवारी ठरली. परंतु जेथे कोणी राष्ट्रपुरुष राहिला नाही, ज्याच्या रचनाकाराचे नाव कोणास ठाऊक नाही आणि ज्याच्या भिंतीवर डोळ्यांत भरेल अशी नक्षी नाही, असल्या घराकडे या प्रतवारीची नजर सहसा वळत नाही. माझ्या मते हे घर म्हणजे एक अस्सल दस्तऐवज आहे, आणि तो वाचणारी माणसे झपाट्याने कमी होत आहेत.

या दस्तऐवजाचे पहिले पान रोगराईने लिहिले. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मांडवीत ग्रंथिक सन्निपाताची साथ उद्भवली, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तिचे निदान केले, आणि कोंदट चाळींतील अंधार हाच रोगाचा सोबती आहे अशी सरकारची खात्री पटून १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट अस्तित्वात आला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेडासाठी कोनच ठरवून दिला: खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे काढलेली रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करता कामा नये, म्हणजेच समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निदान निम्म्याइतकी जागा मध्ये मोकळी राहावी. दादर-माटुंग्याच्या आखणीमागे हीच हवा-उजेडाची चिंता होती. माहीमच्या खाडीपलीकडे, साष्टीत, तो कोन मोजण्याचे कारणच पडत नसे. तेथे चहूबाजूंनी भातखाचरे होती.

बी. बी. सी. आय. रेल्वेची उपनगरी वाहतूक १८६७ पासूनच सुरू होती. तथापि कचेरीतल्या कारकुनाने, वकिलाने किंवा शाळामास्तराने कुटुंबकबिल्यासह खाडी ओलांडावी हे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत घडले. १९२० साली ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा निघाला, १९२८ साली बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली, आणि खाचरांचे बिनशेती तुकडे पडत गेले. त्या काळचे एखादे खरेदीखत उघडून पाहावे: मौजे विलेपार्ले, मग चतुःसीमा, त्यांत एका बाजूस रस्ता, दुसऱ्या बाजूस कोणा कुळाचे खाचर. शेतीची भाषा अजून गेलेली नाही आणि शहराची पुरती आलेली नाही, असा तो संधिकाल त्या कागदात जसाच्या तसा टिकून आहे. घराच्या अंतर्भागातही तोच संधिकाल आहे. कोकणातल्या घराचे माजघर आणि मागची पडवी कायम. मात्र ओटीच्या जागी व्हरांडा आला, त्यात आरामखुर्ची आली, आणि गाडीची वेळ चुकू नये म्हणून समोरच्या भिंतीवर मोठे घड्याळ आले. १९२१ चे पार्ले टिळक विद्यालय आणि १९२३ चा लोकमान्य सेवा संघ या संस्था ज्या वस्तीने उभ्या केल्या, ती वस्ती अशा घरांत राहत होती.

अशाच एका घराचे छप्पर उतरवले जात असताना मी काही वेळ तेथे उभा होतो. कामकरी माणसे कौले हातोहात खाली देत होती. एकाने पालथे करून ठेवलेले कौल मी उचलले, तर शेवाळाखाली कारखान्याचा उठावदार छाप स्पष्ट होता, आणि त्यावर, माती ओली असतानाच उमटलेला, कोणाच्या तरी अंगठ्याचा खळगा. या कौलांचा धंदा बासेल मिशनने १८६५ साली मंगलोरास उभा केला आणि पुढे गलबतांनी ती कोकणच्या किनाऱ्याने वर आली. तुळया रंगूनी सागाच्या होत्या. दिवाणखान्यातील वेलबुट्टीची फरशी सिमेंटची होती. परदेशी फरशीला देशी पर्याय हवा या स्वदेशीच्या निष्ठेने १९२२ साली फिरोजशा सिधवा यांनी भारत फ्लोअरिंग ही कंपनी काढल्यानंतर अशी फरशी येथेच घडू लागली होती. मंगलोर, ब्रह्मदेश आणि मुंबई, तिन्ही ठिकाणांचा माल त्या एका छपराखाली नांदत होता.

परंतु घराची मागची बाजूही वाचलीच पाहिजे. विहिरीपलीकडे टोपलीचा संडास आणि त्याच्याकडे जाणारा अरुंद बोळ असे. सफाई करणाऱ्याने घरात पाऊल न टाकता यावे व जावे, एवढ्याचसाठी तो राखलेला. १९१५ ची गावदेवीची सारस्वत सोसायटी, १९१८ ची वांद्र्याची साष्टी कॅथलिक सोसायटी: सहकारी घरबांधणीचा आरंभच ज्ञातीच्या आणि धर्माच्या नावाने झाला, आणि मोकळी हवा कोणाच्या वाट्याला यावी हेही त्याने ठरवले. म्हणूनच दादरच्या हिंदू कॉलनीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० नंतरच्या वर्षांत ग्रंथांसाठी बांधलेल्या ‘राजगृहा’चे महत्त्व वास्तूच्या पलीकडचे आहे. मागचा बोळ गाळून पुढचा व्हरांडा तेवढा जतन करणे मला अप्रामाणिक वाटते.

सगळीच घरे टिकणार नाहीत हे मी मान्य करतो. वारस अनेक, कौले फिरवणारे कारागीर थोडे, आणि जमिनीचे मोल घराच्या मोलाहून शेकडो पटींनी वाढलेले. तरीही पाडण्यापूर्वी अशा प्रत्येक घराची मापे घेऊन नकाशा काढावा, खरेदीखताची नक्कल करावी, विहीर, बोळ आणि झाडे यांच्या जागा त्यावर दाखवाव्यात आणि तो नकाशा स्थानिक ग्रंथालयात ठेवावा, एवढे काम दोन विद्यार्थी आठ दिवसांत करू शकतील. त्या दिवशी माझ्यापाशी फूटपट्टीसुद्धा नव्हती. घराची लांबी मी पावलांनी मोजली: फाटकाकडून मागच्या दारापर्यंत सव्वीस पावले, त्यांपैकी सात व्हरांड्याची.