बावटा चढल्यानंतरचे तास

चक्रीवादळ येणार हे कळूनही माणसे घर का सोडत नाहीत, हा प्रश्न प्रत्येक मोठ्या वादळानंतर विचारला जातो आणि उत्तर बहुतेकदा ठरलेलेच असते: लोक बेफिकीर होते, सांगूनही ऐकत नव्हते. मेक्सिकोच्या आखाताकाठच्या वादळांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास वाचला की हे उत्तर टिकत नाही. तिथे कित्येक माणसे काळजीपोटीच मागे थांबली. अंथरुणाला खिळलेली बायको, अजून घरी न परतलेला मुलगा, गोठ्यातली जनावरे, आयुष्यभराच्या कमाईतून उभे राहिलेले घर, यांच्यातून त्यांचा पाय निघाला नाही. ज्यांच्या हाती खबर होती ते मात्र लोकांच्या या काळजीलाच बिचकले. लोक घाबरतील, धावपळ होईल, व्यापार बसेल म्हणून त्यांनी खबर अडवली, सौम्य केली किंवा अर्धवट दिली, आणि प्राणहानीचा मोठा वाटा या बिचकण्याच्या पदरात पडतो.

आखातात वादळाची खबर आधी देण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न हवानात झाला. बेनिटो विन्येस हे स्पेनमधून आलेले जेझुइट पाद्री १८७० मध्ये तिथल्या बेलेन वेधशाळेचे प्रमुख झाले. हवेचा दाब आणि वारा ते नेमाने टिपत. त्यांचा खरा भर मात्र आकाशात फार उंचावर पसरणाऱ्या विरळ ढगांवर होता. हे ढग कोणत्या दिशेने फाकत येतात त्यावरून क्षितिजापलीकडच्या वादळाचे केंद्र कुठे असेल, हे ते सांगत. ११ सप्टेंबर १८७५ रोजी त्यांचा इशारा हवानाच्या वर्तमानपत्रात छापून आला आणि दोनच दिवसांत वादळ क्युबावर आले. तेच वादळ आखात ओलांडून १६ सप्टेंबरला टेक्ससमधल्या इंडियानोला या भरभराटीच्या बंदरावर आदळले. मोठे वादळ होऊन गेले की विन्येस स्वतः गावोगाव फिरून पडझड पाहत, माणसांना विचारत, नोंदी घेत. त्यांचा अंदाज दर वेळी अचूक ठरला असे नाही. पण जे कळले ते लगेच आणि उघडपणे लोकांपुढे ठेवायचे, ही रीत त्यांनी पाडली. १८९३ मध्ये ते वारले. बेलेनमध्ये ही रीत पुढे चालू राहिली.

अमेरिकेच्या वेदर ब्यूरोची, म्हणजे सरकारी हवामान खात्याची, रीत अगदी उलटी होती. स्पेनशी झालेल्या १८९८ च्या युद्धानंतर क्युबा अमेरिकेच्या ताब्यात आला आणि ब्यूरोने हवानात आपले ठाणे उघडले. क्युबाचे निरीक्षक उगाच भडक बोलून लोकांना घाबरवतात, अशी तिथल्या अमेरिकी अधिकाऱ्यांची ठाम समजूत होती. ब्यूरोचे प्रमुख विलिस मूर यांनी वादळाचा इशारा देण्याचा अधिकार वॉशिंग्टनकडे एकवटला होता. स्थानिक अधिकाऱ्याने परवानगीशिवाय तसा शब्द उच्चारायचा नाही. ऑगस्ट १९०० च्या अखेरीस, ऐन वादळांच्या मोसमात, क्युबाच्या हवामानविषयक तारा सरकारी तारयंत्रावरून पाठवण्यास बंदी घालण्यात आली. पुढच्याच आठवड्यात क्युबावरून गेलेले वादळ फ्लोरिडाकडे वळून अटलांटिकमध्ये जाईल, असे ब्यूरोने गृहीत धरले. हवानाच्या वेधशाळेचे मत वेगळे होते: वादळ पश्चिमेकडे आखातात शिरले आहे आणि बळावत आहे. हे मत टेक्ससच्या किनाऱ्यापर्यंत पोचण्याची वाट बंद होती.

त्या किनाऱ्यावर गॅल्व्हेस्टन हे सुमारे ३८,००० वस्तीचे, कापसाच्या व्यापारावर श्रीमंत झालेले शहर वाळूच्या एका बेटावर वसले होते. बेटाची सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून नऊ फूटसुद्धा नव्हती. इंडियानोला १८७५ मध्ये उद्ध्वस्त झाले, कसेबसे सावरले आणि १८८६ मध्ये दुसऱ्या वादळाने कायमचे संपले. तेव्हा गॅल्व्हेस्टनमध्ये समुद्रभिंत बांधायची चर्चा झाली, पण भिंत झाली नाही. १८९१ मध्ये शहराचे हवामान अधिकारी आयझॅक क्लाइन यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून ही भीती निराधार ठरवली. वादळी लाटेने या शहराचे मोठे नुकसान होऊच शकत नाही, असे त्यांनी छातीठोकपणे मांडले. ७ सप्टेंबर १९०० च्या सकाळी गॅल्व्हेस्टनमध्ये वादळाचा बावटा चढला: लाल कापड, मधोमध काळा चौकोन. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यांवर पाणी आले, पण असे पाणी तिथे अधूनमधून येतच असे. मुले त्यात खेळली, मोठी माणसे लाटा पाहायला किनाऱ्यावर गेली. मुख्य भूमीशी जोडणारे पूल पाण्याखाली गेले तेव्हा निघून जायची वाटच उरली नाही.

त्या संध्याकाळी क्लाइन यांच्या घरात घडले ते अधिकृत अहवालांपेक्षा जास्त सांगून जाते. त्यांची बायको कोरा गरोदर होती आणि आजारी होती. शहराच्या मधल्या, जरा उंच भागात जाऊ, असा धाकटा भाऊ जोसेफ यांचा आग्रह होता. जोसेफ हेही ब्यूरोतच नोकरीला होते. आयझॅक यांनी थांबायचे ठरवले. घर भक्कम बांधलेले आहे, आजारी माणसाला या पाण्यातून न्यायचे कसे, हा त्यांचा विचार होता. शेजारीपाजारीही आसऱ्याला आले. घरात सुमारे ५० माणसे जमली. अंधार पडल्यावर लाटांनी वाहून आणलेला ट्रामच्या मार्गाचा एक मोठा तुकडा घरावर येऊन आदळत राहिला आणि घर कोसळले. आयझॅक, जोसेफ आणि तिन्ही मुली वाचल्या, कोरा गेली. शहरातला हवामानाचा सर्वांत जाणकार माणूस, हातात सर्व उपकरणे असलेला, सामान्य गृहस्थासारखाच आजारी बायकोपाशी आणि आपल्या घरापाशी थांबला. त्याला अडाणी कोण म्हणेल? किनाऱ्यावरच्या सेंट मेरी अनाथालयात जोगिणींनी कपडे वाळत घालायच्या दोरीने लहान मुलांना आपल्या कमरेशी बांधून घेतले होते. १० जोगिणी आणि ९० मुले बुडाली, तीन मुलगे वाचले. शहरात सहा ते आठ हजार माणसे मेली असावीत. आजवर अमेरिकेतल्या कोणत्याही नैसर्गिक आपत्तीने एवढे बळी घेतलेले नाहीत.

यावर आक्षेप येतो की त्या काळी उपग्रह नव्हते, रडार नव्हते, समुद्रातून संदेश देणारी बिनतारी यंत्रे जहाजांवर नव्हती. मग दोष द्यायचा कोणाला? आक्षेपात तथ्य आहे. वादळ नेमके गॅल्व्हेस्टनवरच येईल हे हवानातही कोणी सांगू शकत नव्हते. पण तारबंदी हा विज्ञानाच्या मर्यादेचा भाग नव्हता, तो माणसांनी घेतलेला निर्णय होता. 'वादळ आखातात आहे' एवढी मोघम बातमी जरी दोन दिवस आधी मिळाली असती, तरी आजारी माणसाला, म्हाताऱ्या आईला, लेकरांना आगगाडीत बसवून पलीकडे पाठवायला दोन दिवस मिळाले असते. काळजीच्या माणसाला नेमकेपणापेक्षा वेळ जास्त हवा असतो.

वाचलेल्यांनी पुढे जे केले त्याला तोड नाही. १९०२ ते १९०४ मध्ये १७ फूट उंचीची समुद्रभिंत उभी राहिली आणि मग अख्ख्या शहराची जमीनच वर उचलायला घेतली. दोन हजारांहून अधिक इमारती जॅक लावून उंचावल्या आणि समुद्रातून उपसलेली वाळू पाण्याबरोबर नळांतून त्यांच्याखाली सोडली. सेंट पॅट्रिक चर्च तीन हजार टनांचे. ७०० जॅकांवर ते पाच फूट वर गेले. वर्षानुवर्षे लोक लाकडी फळ्यांच्या उंच वाटांवरून ये-जा करत राहिले. घर उचलायचा खर्च ज्याचा त्याने सोसला. १९१५ च्या तशाच प्रचंड वादळात भिंत टिकली आणि शहरातले बळी मोजके राहिले.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: खोटा इशारा विश्वास मारतो. १९२८ मध्ये फ्लोरिडातल्या ओकीचोबी तळ्याकाठच्या मजुरांना आधी वादळाची सूचना मिळाली; वादळ सांगितलेल्या वेळी आले नाही म्हणून अनेक जण घरी परतले आणि मग रात्री तळ्याचा बांध फुटला. किमान अडीच हजार माणसे मेली, बहुसंख्य कृष्णवर्णीय शेतमजूर. पण त्यांच्यापर्यंत 'उशीर झाला आहे, धोका टळलेला नाही' ही पुढची बातमी पोचवायची सोय कोणी केली नव्हती. पहिल्या इशाऱ्यामागोमाग दुसरा जावा लागतो; उणीव इशाऱ्याची नसून तो अर्ध्यावर सोडण्याची आहे. १९५७ च्या ऑड्री वादळात लुइझियानातल्या कॅमेरॉन परगण्याला 'सखल भागातल्यांनी हलावे' असे कळवले होते. तिथले लोक दलदलीतल्या किंचित उंच पट्ट्यांवर राहत आणि आपली जागा उंच समजत. शिवाय वादळ दुसऱ्या दिवशी उशिरा येईल असे धरून ते झोपले. रात्रीत त्याचा वेग वाढला. चारशेहून अधिक माणसे गेली. सूचना होती, पण ती ऐकणाऱ्याच्या अंगणातून विचार करून लिहिलेली नव्हती.

सप्टेंबर २००५ मध्ये रिटा वादळाआधी ह्यूस्टन परिसरातून लाखो माणसे एकाच वेळी रस्त्यावर आली. उन्हात, पेट्रोलविना अडकली आणि शंभराच्या आसपास माणसे स्थलांतरातच दगावली. वृद्धाश्रमातल्यांना नेणारी एक बस पेटून २३ जण मेले. घबराटच मारते, याचा पुरावा म्हणून हे उदाहरण दिले जाते. पण नीट पाहिले तर दोष रस्त्यांच्या, पाण्याच्या, वाहनांच्या नियोजनाचा होता. त्याच्या महिनाभर आधीच कॅटरिना वादळाच्या वेळी न्यू ऑर्लिन्समध्ये गाडी नसलेली हजारो कुटुंबे आणि कुत्र्यामांजरांना टाकून जायला तयार नसलेली माणसे मागे राहिली होती. त्यातूनच २००६ मध्ये कायदा झाला: आपत्तीच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांची सोय धरलीच पाहिजे. लोकांच्या जिवाभावाच्या गोष्टी हिशेबात घेतल्याशिवाय ते हलत नाहीत, हे सरकारने कागदावर मान्य केले ते तेव्हा.

गॅल्व्हेस्टन बुडाल्यावर बंदराचा बराच व्यापार ह्यूस्टनकडे गेला. आज तिथे मोठा मराठी समाज आहे, आणि २०१७ मध्ये हार्वे वादळ आले तेव्हा पुण्या-मुंबईतल्या अनेक घरांत फोन उशापाशी ठेवून रात्री गेल्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात आल्यावर वीज आणि फोन कित्येक दिवस बंद राहिले, तेव्हा तीच घालमेल मुंबईतल्या कोकणी कुटुंबांनी सोसली. म्हणून आपल्या किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींना आणि जिल्हा प्रशासनाला एक मागणी करायला हवी. निवाऱ्याची यादी करताना गावात अंथरुणावर कोण आहे, गरोदर कोण आहे, कोणाच्या गोठ्यात किती जनावरे आहेत आणि कोणाचे नातेवाईक कुठल्या फोनची वाट पाहत असतील, हे पावसाळ्याआधी लिहून ठेवा, आणि ती यादी गावातल्या माणसांकडूनच तपासून घ्या.