शमा आणि फ्लॅश

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

काही वर्षांपूर्वी एका मुशायऱ्यात मी गझल वाचत होतो. शेराची पहिली ओळ झाली, श्रोत्यांनी ती उचलून धरली आणि दुसरी ओळ ओठांवर येणार तोच समोर फ्लॅशचा लखलखाट झाला. डोळ्यांपुढे पांढरा गोळा, आणि ओळ पसार! दुसऱ्या दिवशी ते छायाचित्र पाहिलं. फार स्वच्छ आलं होतं. त्यात एक गोंधळलेला माणूस होता; मुशायरा मात्र कुठेच नव्हता.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून आहे. रंगमंचावरचा कलावंत रंगमंचाच्याच उजेडात टिपायला छायाचित्रकार कधी शिकले? आणि त्याआधी जे नाचून गेले, त्यांचं काय उरलं?

वास्लाव निजिन्स्कीचंच पाहा. सर्गेई दियागिलेव यांची रशियन नर्तकमंडळी, 'बॅले रूस', १९०९ साली पॅरिसला आली आणि निजिन्स्कीच्या उडीने शहराला वेड लावलं. तो वर जातो आणि क्षणभर तिथेच थांबतो, असं पाहणारे सांगत. पण त्याच्या नृत्याची फूटभर फिल्मही आज उपलब्ध नाही. छायाचित्रं आहेत, पण त्यांतली बरीचशी स्टुडिओतली. बॅरन अडॉल्फ द मेयर यांनी १९१२ साली 'फॉन'च्या वेषात टिपलेला निजिन्स्की अतिशय देखणा आहे. मात्र त्या चित्रांत त्याची ठेवण दिसते, झेप दिसत नाही.

याचं कारण साध्या हिशेबात आहे. नर्तक सेकंदाला तीन मीटर वेगाने जातो आहे असं धरा. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाचा दहावा भाग उघडं राहिलं, तर तेवढ्यात तो तीस सेंटिमीटर सरकतो. चेहऱ्याच्या जागी नुसता धूसर पट्टा उमटतो. शटर पाचशेव्या भागापुरतंच उघडलं, तर तो सहाच मिलिमीटर सरकेल. पण तेवढ्या वेळात त्या काळच्या भिंगातून पुरेसा उजेड आत जाणार कसा? काच काळीच राहायची. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमची झगझगीत पूड निघाली खरी, पण तिचा भपका आणि धूर चालू प्रयोगात कोण सहन करणार? मग कलावंतांना वेगळं बोलवायचं, वेष चढवून उभं करायचं आणि सांगायचं, हलू नका. नर्तकाला हलू नको म्हणणं हे कवीला बोलू नको म्हणण्यासारखंच!

मानसिक आजाराने निजिन्स्कीचं नृत्य १९१९ साली संपलं. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९२४ साली, ड्रेस्डेनच्या एर्नेमान कारखान्याचा 'एर्मानॉक्स' कॅमेरा आला. लुडविग बर्टेले या तरुणाने त्याचं भिंग आखलं होतं. एफ/२ क्षमतेचं हे भिंग एफ/४ च्या भिंगापेक्षा चौपट उजेड आत घेई. कॅमेरा लहानसा आणि भिंगच मोठं, असा त्याचा अवतार. प्रत्येक छायाचित्रासाठी नवी काच बसवावी लागे, पण दिव्याच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, माणसं टिपता येऊ लागली. पाठोपाठ १९२५ मध्ये फिल्मच्या रिळावर चालणारा लायका बाजारात आला. इल्से बिंग या जर्मन छायाचित्रकार बाईंनी १९३१ साली तो घेऊन पॅरिसच्या 'मूलाँ रूज'मधल्या नर्तकी टिपल्या. त्यांच्या घागऱ्यांचे घेर चित्रातही गरगरताना दिसतात.

अशा कामात भिंगाइतकीच नजर लागते. उडीच्या टोकाला शरीराचं वर जाणं संपलेलं असतं आणि खाली येणं सुरू व्हायचं असतं. तो निमिष साधला, तर मंद शटरलाही चेहरा बराच स्पष्ट मिळतो. निजिन्स्कीचे प्रेक्षक ज्या थांबण्याबद्दल सांगत, त्याच्या जवळपासचीच ही जागा. पण ती साधायला नृत्य आधीपासून अंगात मुरलेलं असावं लागतं.

अलेक्सी ब्रोडोविच यांच्या ते मुरलेलं होतं. क्रांतीनंतर रशिया सोडून ते पॅरिसला आले आणि दियागिलेव यांच्या मंडळींसाठी पडदे रंगवू लागले. पुढे ते अमेरिकेत 'हार्पर्स बझार' मासिकाचे कलादिग्दर्शक झाले. १९२९ साली दियागिलेव वारले, मंडळी पांगली. त्यांचा वारसा सांगणाऱ्या नव्या मंडळींचे प्रयोग न्यूयॉर्कला होत. १९३५ ते १९३७ या काळात ब्रोडोविच छोटा कॉन्टॅक्स कॅमेरा घेऊन तिथे जात राहिले. फ्लॅश नाही, जादा दिवे नाहीत. हातपाय धूसर झाले, दिवे फुटल्यासारखे पसरले, तरी त्यांनी ते झाकलं नाही; उलट छपाईत ते अधिक ठळक केलं. १९४५ साली 'बॅले' हे पुस्तक निघालं. छायाचित्रं १०४, प्रती जेमतेम पाचशे. त्यातलं एक नृत्यनाट्य 'ले नोस'. ते बसवलं होतं ब्रोनिस्लावा निजिन्स्का यांनी. निजिन्स्कीची ही सख्खी बहीण. भावाची झेप कुणाला पकडता आली नाही. बहिणीने बसवलेलं नृत्य मात्र त्या धूसर पानांवर आजही हलतं आहे.

१९५६ साली ब्रोडोविच यांच्या घराला आग लागली आणि त्या निगेटिव्ह जळून गेल्या. पुस्तकाच्या प्रती अनेकांना वाटलेल्या होत्या, म्हणून ती चित्रं वाचली. २०११ साली ती पानं पुन्हा छापली गेली.

आजचे डिजिटल कॅमेरे अंधुक उजेडातही पाचशेव्या भागात चित्र घेतात. घामाचा थेंबसुद्धा हवेत थांबवता येतो. तरीही किती थांबवायचं आणि किती वाहू द्यायचं, हे कॅमेरा ठरवत नाही. ते माणसालाच ठरवावं लागतं.

जुन्या मुशायऱ्यांत ज्याची पाळी असे त्याच्यापुढे शमा ठेवत. उजेड तेवढाच, बाकी मैफल अंधारात. त्या उजेडात कवीचा चेहरा थोडा हलताच दिसत असणार. पण ऐकणाऱ्यांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती आणि कवीची ओळही शाबूत राहत होती.