जात्यापासून पंढरीच्या वाटेपर्यंत

चाळिशी उलटलेल्या स्त्रियांनीं नियमानें व्यायाम करावा, हा उपदेश हल्लीं घरोघर ऐकूं येतो. आणि तो पाळला न गेल्यास आळसाचा दोषही त्यांच्याच माथीं मारला जातो. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाप्रमाणें, २०२२ मध्यें भारतांत पुरेशी हालचाल न करणारांचें प्रमाण स्त्रियांत शेंकडा सुमारें ५७ व पुरुषांत सुमारें ४२ होतें. परंतु २०१९ च्या सरकारी पाहणींत असेंही आढळलें कीं, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचीं त्या कामांत रोज सरासरी २९९ मिनिटें जातात आणि पुरुषांचीं ९७. रोज पांच तास राबणारीस आळशी कोणत्या तोंडानें म्हणावें? याचें कारण स्वभावांत नसून इतिहासांत शोधलें पाहिजे.

आपल्या इकडील स्त्रीचा दिवस पूर्वीं जात्यावर उजाडे. पहांटे दोघीजणी समोरासमोर बसत, एकाच खुंट्याला हात लावीत आणि ओवीच्या लयीवर पायली-दोन पायली दळून काढीत. गी पॉइटव्हां व हेमा राईरकर यांनीं मिळविलेल्या अशा ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. या श्रमाचे गोडवे गाण्याचें कारण नाहीं. तो सक्तीचा होता, आणि त्यानें खांदे व कंबर झिजत. जनाबाईच्या जात्याला प्रत्यक्ष विठ्ठलानें हात लावल्याची कथा प्रसिद्ध आहे. थकल्या बाईला सोबत्याची केवढी ओढ असते, हेंच ती कथा सांगते.

मुंबईस १८६० सालीं विहार तलावाचें पाणी नळानें आलें; पुढें पिठाच्या गिरण्या निघाल्या आणि हळूहळू जातें अडगळींत गेलें. कष्ट गेले याचें दुःख कोणी मानूं नये. मात्र कष्टांबरोबर जोडीदारीण गेली, गाणें गेलें. आणि पाणवठा हें कोणाची परवानगी न घेतां घराबाहेर पडण्याचें जें एक निमित्त होतें, तेंही गेलें. काम उरलें तें एकटीनें, चार भिंतींच्या आंत करावयाचें.

खेळ म्हणावा, तर मंगळागौरीला फुगडी, झिम्मा, पिंगा असे अंग घुसळून काढणारे प्रकार होतेच. पण तो सोहळा सुवासिनींचा. विधवेला त्यांत स्थान नव्हतें. आणि नातवंडें झालेल्या बाईनें फेर धरला, तर 'या वयांत हें काय?' असें म्हणणारे घरांतच असत. शरीर थकण्याच्या आधींच लोकरीत तिला थकवून टाकी.

आतां याच समाजांतील वारी पाहा. आळंदीहून पंढरपूर सुमारें अडीचशें किलोमीटर. ज्येष्ठ-आषाढांत, ऊनपावसांत, पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कितीएक बायका डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन ती वाट चालतात. तेथें सधवा-विधवा हा भेद आड येत नाहीं. वय विचारलें जात नाहीं. जो तो 'माउली' म्हणूनच हांक मारतो. ज्यांचें शरीर साथ देतें त्याच निघतात, हें खरें. म्हणून वारी हें सर्वांसाठीं औषध नव्हे. तरीही घरीं अंगणापलीकडे न जाणारी बाई तेथें कोसच्या कोस कशी चालते, याचा उलगडा तिच्या गुडघ्यांत सांपडत नाहीं. तिला सोबत आहे, ओठांवर अभंग आहे, जाण्याला अर्थ आहे, आणि 'कोठें चाललीस?' असें दरडावणारें कोणी नाहीं. जात्याजवळची सोबत येथें आहे, पण सक्ती नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं आठवड्यास निदान १५० मिनिटें मध्यम श्रमाची हालचाल सांगितली. पासष्टीपुढें तोल व ताकद राखणारे व्यायामही आठवड्यांतून तीन दिवस सांगितले. उपदेश रास्त आहे. परंतु तीं मिनिटें त्या २९९ मिनिटांतूनच काढावयाचीं असतील, तर कोणाला तरी सकाळचा चहा स्वतः करून घ्यावा लागेल. रस्त्यावर निर्धास्त चालण्याजोगी जागा ठेवावी लागेल. शेजारणीला हांक मारून बाहेर पडणाऱ्या आजीला हंसणें सोडावें लागेल. हीं तिन्ही कामें तिचीं नव्हेत, आपलीं आहेत.