घोंगडी

‘कांबळे’ला संस्कृत ‘कंबल’चा आधार आहे. ‘घोंगडी’ला असा आधार शोधू गेलं, तर ओढूनताणून काहीतरी जुळवावं लागतं. त्यापेक्षा धाराशिव जिल्ह्यातल्या उमरग्याहून हैदराबादचा रस्ता धरावा. तेलुगूत लोकरीच्या पांघरुणाला ‘गोंगडी’ किंवा ‘गोंगळी’च म्हणतात, केसाळ सुरवंट तिथे ‘गोंगळिपुरुगु’, म्हणजे घोंगडीतला किडाच! हा धाराशिव जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, पण शब्दांची ये-जा त्याहून जुनी असणार. मेंढरं घेऊन फिरणाऱ्यांना राज्यांच्या आणि भाषांच्या सीमांनी कधी अडवलं नाही. कुणी कुणाकडून घेतला, हा वाद मला निरर्थक वाटतो. शब्द दख्खनचा आहे, दख्खनी मेंढीसारखाच.

या मेंढीची लोकर राठ असते. धनगरांनी ती कातरायची, सूत कातायचं आणि सणगरांनी खड्ड्याच्या मागावर विणायचं, अशी जुनी वाटणी. उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावतात, म्हणून नवी घोंगडी ताठ असते आणि अंगाला टोचते. वापरून ती मऊ होते. मऊ मफलरला सोकावलेल्यांनी एवढा धीर धरावा.

‘भिजत घोंगडं’ही अनुभवातूनच आलं: भिजलेली लोकर जड होते, लवकर वाळत नाही. रेंगाळलेल्या कामाला याहून नेमका शब्द कुठला?

आणि विकत घेताना एक धागा जाळून पाहा. जळक्या केसांचा वास आला तर लोकर. वितळून गोळी झाली तर दुकानदाराला रामराम.