नभोवाणीयंत्रांचा जीर्णोद्धार

जुन्या कागदांची किंमत महाराष्ट्रास कळावयास राजवाड्यांसारखा माणूस जन्मावा लागला. १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड निघाला, त्या सुमारास वाड्यावाड्यांतील दप्तरें वाळवीच्या आणि वाण्याच्या स्वाधीन होत होतीं. अस्सल कागद कोणता व मागाहून रचलेला कोणता, हा विवेक आतां सामान्य वाचकासही थोडाबहुत आला आहे. परंतु विसाव्या शतकानें मागें ठेविलेलीं साधनें सारींच कांहीं कागदाचीं नाहींत. फळीवरून उतरलेला रेडिओ, दिवाणखान्यांतील कपाटाएवढा रेडिओग्राम, फुगीर कांचेचा दूरचित्रवाणीसंच, हींही साधनेंच होत. तीं जमविणारे व दुरुस्त करणारे रसिक इंग्लंड-अमेरिकेंत पुष्कळ आहेत, आपल्याकडेही कांहीं आहेत. त्यांच्या उद्योगांत अस्सलपणाचा जो प्रश्न उभा राहतो तो आम्हांस राजवाड्यांच्या प्रश्नाहून फारसा वेगळा वाटत नाहीं.

मुंबईचें केंद्र इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनें २३ जुलै १९२७ रोजीं सुरू केलें. कंपनी तीन वर्षांच्या आंतच बुडाली, १९३० सालीं काम सरकारकडे आलें, आणि १९३६ पासून ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव रूढ झालें. हा भाग सर्वश्रुत आहे. नवी पाहुणी घरांत घ्यावयाची तर तिनें घरच्या सामानाचा वेष करावा, ही त्या काळची अपेक्षा मात्र ध्यानांत घेण्यासारखी आहे. अमेरिकेंतील झेनिथ कंपनीचें १९३५ चें ‘स्ट्रॅटोस्फिअर’ हें २५ दिव्यांचें, ७५० डॉलर किंमतीचें यंत्र म्हणजे एक भव्य लांकडी कपाटच होतें. याच्या उलट इंग्लंडांत एको कंपनीनें १९३४ सालीं वेल्स कोट्स या वास्तुशिल्पज्ञाकडून बेकलाइटचा साफ वाटोळा रेडिओ करविला. आपण यंत्र आहों हें लपविण्याची त्याला गरज वाटली नाहीं. आमची आवड विचाराल तर ती या दुसऱ्याकडे आहे.

पण बाहेरच्या पेटीपेक्षां आंतला इतिहास अधिक बोलका असतो. व्हॉल्व्ह म्हणून ओळखले जाणारे कांचेचे दिवे दिसावयास नाजूक, तरी पाऊणशें वर्षांनंतरही ते बहुधा शाबूत निघतात. दगा देतात ते मेणकागदाचे कंडेन्सर. कागद आणि धातूचा वर्ख एकत्र गुंडाळून व मेणांत बुडवून ते करीत. कालांतरानें कागदांत ओल शिरते, आणि ज्यानें एकदिश प्रवाह अडवावयाचा तोच तो पाझरूं देतो. हा पाझर शेवटच्या दिव्याच्या जाळीवर पोहोंचला कीं दिवा भलताच तापतो व त्याच्यामागोमाग ट्रान्सफॉर्मर जळतो. म्हणून माळ्यावरून काढलेला रेडिओ कौतुकानें लागलाच विजेला जोडणें म्हणजे त्याचा प्राण घेणें होय. जाणता कारागीर आधीं कंडेन्सर पाहतो, मग साधा विजेचा दिवा मालिकेंत जोडून प्रवाह सोडतो. आंत कोठें दोष असला तर तो दिवाच लख्ख पेटून सांगतो.

कंडेन्सर बदलावयाचे, पण कसे? येथें वाद आहे. कित्येक रसिक जुन्या नळीचें मेण वितळवून तिचें पोट रिकामें करितात, त्यांत आजचा बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर बसवितात, आणि पुन्हां मेण ओतून तोंड बंद करितात. पाहणारास फरक कळत नाहीं. यास ते निष्ठेची पराकाष्ठा समजतात. जुन्या शाईनें जुन्या कागदावर नवी सनद लिहिणारास आपण काय म्हणतों, हें मात्र त्यांनीं विचारांत घ्यावें. पेटीच्या आंत एक चिठ्ठी चिकटवून काय काढलें, काय घातलें व केव्हां, हें लिहून ठेविलें आणि काढलेले भाग जपून ठेविले, म्हणजे आमची हरकत उरत नाहीं.

याहून मोठी हानि दुसऱ्या एका हौसेनें होते. परदेशी सुटा भाग मिळेना, तेव्हां एखाद्या गल्लींतल्या कारागिरानें भलत्याच जातीचा दिवा बसता करून घेतला, डाखाचा ओबडधोबड थेंब टाकून तार जोडली, आणि यंत्र पुढें वीस वर्षें गात राहिलें. कारखान्याचा नकाशा समोर ठेवून हें सारें ‘अशुद्ध’ म्हणून उपटून टाकणारा मनुष्य आपल्याच माणसांची करामत पुसून टाकीत असतो. जे व्यापारी आंतलें सगळेंच फेंकून पेटीस पॉलिश करितात व तींत पेले मांडण्याची सोय करितात, त्यांच्याविषयीं न लिहिलेलेंच बरें.

दूरचित्रवाणीसंचांची कथा अधिक बिकट आहे. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून २ नोव्हेंबर १९३६ रोजीं बीबीसीची नियमित सेवा सुरू झाली आणि युद्धाच्या तोंडावर, १ सप्टेंबर १९३९ रोजीं, ती थांबली. एवढ्या अवधींत सुमारें २०,००० संच विकले गेले. कित्येकांत चित्रनळी इतकी लांब असे कीं ती उभी बसवावी लागे. झांकणास आरसा लावून चित्र त्यांत पाहावयाचें! आंतील दाब हजारों व्होल्टचा, आणि तो प्राणघातक. १९४६ सालीं सेवा पुन्हां चालू झाली. ४०५ रेषांचें तें प्रक्षेपण १९८५ सालीं कायमचें बंद पडलें. आज असा संच नीट केला तरी त्याच्यासाठीं आकाशांत कांहीं नाहीं. आजचें चित्र ४०५ रेषांवर उतरविणारें वेगळें यंत्र शेजारीं ठेवावें लागतें. नळी क्षीण झाली तर तीही पुन्हां भरून मिळणें दुरापास्त. फ्रान्समधील असें काम करणारा कारखाना २०१३ सालीं बंद झाला. मुंबईस दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं आलें तें ६२५ रेषांचें, तेव्हां हीं संकटें आपल्या संचांस जशींच्या तशीं लागू नाहींत.

आमचें मत असें कीं, ज्या युद्धपूर्व संचांत मूळची नळी व मूळचे कंडेन्सर टिकून आहेत त्यांस मुकेंच राहूं द्यावें. ते थोडे आहेत. रेडिओंचें तसें नाहीं. एकाच नमुन्याचे ते हजारोंनीं निघाले, त्यांतले पुष्कळ बोलते करावे. दिवे तापेपर्यंतची ती अर्ध्या मिनिटाची शांतता, मग किंचित् गुणगुण, मग लांकडी पेटींतून येणारा भरदार आवाज, हाही पुरावाच आहे, आणि तो चित्रावरून कळत नाहीं. घाई करण्यासही कारण आहे: मध्यलहरी ओसरत चालल्या आहेत, जर्मनीच्या राष्ट्रीय नभोवाणीनें आपल्या २०१५ च्या अखेरीस बंद केल्या.

ज्यांच्या घरीं असा रेडिओ अद्यापि आहे त्यांनीं त्याच्याबरोबर परवान्याचें पुस्तक शोधावें. १९८० नंतरच्या दशकांत ती पद्धत जाईपर्यंत दरवर्षीं पोस्टांत जाऊन त्यांत तिकिटें लावून घ्यावीं लागत. विकणारे यंत्र देतात आणि पुस्तक रद्दींत टाकितात. एखाद्या पानावर तिकीट नसलें, तर त्या सालीं यंत्र बिघडलें होतें कीं घरांत पैसे नव्हते, हें सांगणारीं माणसें कित्येक घरांतून अजून हयात आहेत.